करंजाचा बुडखा

बाभळ आडवी व्हायला अर्धा दिवस लागला आणि तिचा बुडखा निघायला चार दिवस. ते पाहणारी मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तासगावजवळच्या गावी वडिलांनी द्राक्षबागेसाठी रान मोकळं करायला घेतलं होतं. बुंध्याभोवती कमरेएवढा चर खणला, आडव्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या, माती मऊ पडावी म्हणून रात्रीतून पाणी सोडलं. चौथ्या दिवशी खाली पहारी घालून बुडखा उचकला, साखळदंड बांधला आणि बैल जुंपले. बैल दोनदा गुडघ्यांवर आले. तिसऱ्या ओढीला जमिनीखाली सोटमूळ मोडल्याचा आवाज आला. तो आवाज तिच्या पायांना आधी कळला, कानांना नंतर.

बाभळीच्या त्या लाकडाचा कोळसा लोहाराकडे गेला, कारण भात्यासाठी बाभळीचा कोळसा तो आवडीनं घेई. खड्डा बुजवला, पण वडिलांनी त्या जागी लगेच वेल लावला नाही. “एक पावसाळा जाऊ दे, माती बसू दे,” एवढंच ते म्हणाले.

१९८६ साली लग्न होऊन ती म्हैसूरला आली. सासरचं मराठी वेगळ्याच वळणाचं होतं. ही मंडळी पिढ्यांपूर्वी तंजावरहून आलेली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण टी. आनंदराव त्याच तंजावरी मराठी मंडळींतले, हे घरात अजून अभिमानानं सांगितलं जाई. तिनं बुडखा म्हटलं की सासूबाई क्षणभर थांबत, मग म्हणत, “बोड्डे म्हणतेस होय!” मुळाला बेरू, पहारीला हारे. तिच्या ओळखीच्या वस्तूंना इथं कन्नड नावं होती, आणि ती नावं शिकता शिकता म्हैसूर तिचं झालं.

सासरे चंदन तेलाच्या सरकारी कारखान्यात नोकरीला होते. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली, लाकडाचे ढीग पडून राहिले आणि १९१६ मध्ये विश्वेश्वरय्या दिवाण असताना म्हैसूरनं स्वतःच तेल काढायला सुरुवात केली, ही कथा त्यांनी तिला अनेकदा सांगितली. तिच्या लक्षात राहिलं ते मात्र दुसरंच. चंदनाचं झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. सुगंधी तेल असतं ते गाभ्याच्या लाकडात, आणि सगळ्यात जास्त मुळाच्या गाभ्यात. म्हणून शिस्तीनं काढणारा माणूस बुंध्यापासून हातभर लांबून खणायला लागतो आणि बोटाएवढी मुळीसुद्धा गोळा करतो. शिवाय चंदन अर्धं परजीवी. शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं चिकटवून ते त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतं. एक चंदन उपटायचं म्हणजे जमिनीखाली चार झाडांशी जुळलेली गाठ सोडवायची. बाभळीच्या रानात बुडखा म्हणजे अडथळा होता. इथं त्याचं तोळामासानं मोल होत होतं.

घराच्या परसातही एक चंदन होतं. तेव्हाच्या कायद्यानं ते सरकारचं, घरमालक फक्त राखणदार. कर्नाटकानं २००१ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठं आपल्या जमिनीतल्या चंदनावर मालकाचा हक्क आला. पण त्याआधीच एका अमावास्येला चोरांनी ते हातकरवतीनं कापून नेलं. सकाळी परसात मांडीएवढा बुडखा उरला होता, कापल्या जागी पिवळसर तपकिरी गाभा आणि भोवती भुसा. सासरे तिथं खाली बसले, भुसा मुठीत घेतला आणि बराच वेळ बोलले नाहीत. घाईत चोर सगळ्यात मोलाचा भाग जमिनीतच ठेवून गेले होते. पुढं वनखात्याची माणसं येऊन तो रीतसर खणून घेऊन गेली. परसातला तो खड्डा तिनं स्वतः बुजवला.

म्हैसुरात भूखंडाला सगळे साइट म्हणतात, मराठी घरांतही. तीस बाय चाळीस फुटांची ती ‘तीस-चाळीस’. प्लेगनंतर १९०३ मध्ये इथं नगर सुधारणेसाठी ट्रस्ट बोर्ड स्थापन झालं, १९८८ मध्ये ते काम नगर विकास प्राधिकरणाकडं आलं, आणि शेतं, चिंचा, नारळ, होंगे मागं सारत लेआउट वाढत गेले. होंगे म्हणजे आपला करंज. तिला आणि नवऱ्याला २००३ मध्ये मिळालेली तीस-चाळीस कागदावर ‘रिकामी’ होती. प्रत्यक्षात तिथं दोन बुडखे होते. एक नारळाचा, एक करंजाचा.

नारळाचा बुडखा एका दुपारीत निघाला. नारळाला सोटमूळ नसतंच. बुडाशी काथ्यासारख्या मुळ्यांचा गड्डा असतो. तो कुजत ठेवला तर मात्र त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि मग शेजारच्या जित्या नारळांचा शेंडा पोखरला जातो. करंजाचं तसं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, जमिनीलगत कापू, वरून काँक्रीट टाकू, कुणाला दिसणार आहे? ती नाही म्हणाली. ठेकेदाराला हे बाईचं हट्टीपण वाटलं असावं, पण नियम तिच्याच बाजूनं होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या मानकांत मुळं जमिनीखाली निदान ६० सेंटिमीटरपर्यंत काढून खड्डा चांगल्या मातीनं भरून ठोकायला सांगितलं आहे. वाळवी प्रतिबंधाचं भारतीय मानक, आयएस ६३१३, औषध फवारण्याआधी जागेवरचे बुडखे, ओंडके, मुळं हलवायला लावतं. कारण साधं आहे. लाकूड जमिनीत वर्षानुवर्षं कुजतं, कुजलं की पोकळी होते, पोकळीवरचा पाया खचतो. आणि कुजेपर्यंत वाळवीला तिथं जेवण मिळतं.

जेसीबी आलं असतं तर वीस मिनिटांत काम झालं असतं. पण दोन्हीकडं कुंपणाच्या भिंती उभ्या होत्या आणि यंत्राच्या हिसक्यानं मूळ तुटतं, निघत नाही; वर आजूबाजूची घट्ट जमीन नाहक उकरली जाते. दोन मजूर तीन दिवस खणत होते. तांबड्या मातीतून करंजाची मुळं एकेक करून मोकळी होताना ती रोज शेजारी स्टूल टाकून बसली. नवऱ्याला यातलं काही कळेना, तरी त्यानं दोन वेळचा चहा थर्मासमधून आणून दिला. तिसऱ्या दिवशी मजूर म्हणाला, “अम्मा, एक मोठं बेरू पलीकडच्या साइटमध्ये गेलंय.” मनगटापेक्षा जाड ते मूळ हद्दीच्या दगडाखालून शेजारी गेलं होतं. त्यांनी ते हद्दीवर तोडलं. खड्डा वीतभर थरांनी भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकला. आणि तरीही तिनं पाया एका पावसाळ्यानंतरच घेतला.

करंज मुळावरूनही फुटतो, हे तिला पुढल्या वर्षी दिसलं. शेजारची साइट मोकळीच होती. म्हैसुरात लोक साइट घेऊन वीस-वीस वर्षं तशीच ठेवतात. जून उजाडताच तिथं हद्दीपासून सरळ रेषेत पाच कोवळे कोंब वर आले, जणू खालच्या मुळाची वाट कुणी हिरव्या खुणांनी आखली होती. चार गुरांनी खाल्ले. पाचवा राहिला.

एप्रिल २०२५ मध्ये शहरातल्या हैदर अली रस्त्यावरची सुमारे चाळीस झाडं रुंदीकरणासाठी तोडली गेली आणि म्हैसूरकर संतापले. तीही जाऊन आली. कापलेल्या बुंध्यांवर हात फिरवताना तिला चीक लागला, अजून ओला. तिथं भाषणं चालू होती. ती जाडजूड मुळ्या फुटपाथखालून कुठवर गेल्या असतील याचा अंदाज घेत एका बुडख्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत राहिली.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या साइटीवर घर बांधायची तयारी सुरू झाली. पाचवा कोंब आता एकवीस वर्षांचा करंज आहे, दोन हातांत न मावणारा. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं तो तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. साइटीचा तरुण मालक नकाशा घेऊन तिच्याकडं आला, “आंटी, हे झाड तुमच्याकडून आलंय म्हणतात?” ती टेप घेऊन त्याच्याबरोबर गेली. मागच्या भिंतीपासून बुंध्यापर्यंत सव्वातीन फूट भरले. पायाची रेघ फूटभर पुढं घेतली तर झाड मागच्या मोकळ्या पट्ट्यात राहतं, फक्त स्वयंपाकघर थोडं आखूड होतं. त्यानं रेघ अजून मारलेली नाही. चुन्याची पाटी कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेली आहे, आणि करंजाखाली फुलांचा गुलाबी-पांढरा सडा पडू लागला आहे.