आप्पांचा ट्रक कुणी पुसला?

"हा पोरखेळ ऑफिसच्या मशीनवर चालणार नाही." हेड ऑफिसहून आलेला मुलगा आप्पांसमोर हे बोलला आणि त्यांच्या डेस्कटॉपवरची सगळी चित्रं त्याने काढून टाकली. ते बोलणं मला अजून खुपतं.

नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी हिशेबाला होतो, आप्पा वजनकाट्यावर. मुंबई-आग्रा महामार्ग जवळच. हंगामात गाड्यांची रांग गेटबाहेर जायची. भरलेली गाडी, मग रिकामी, वजाबाकी, पावती. आकड्यांत आप्पांचा हात कोणी धरणार नाही. मराठी पेपर तर ते अथपासून इतिपर्यंत वाचत. पण डेस्कटॉपवर एक्सेलच्या चार फाइली, चारींनाही तेच हिरवं चिन्ह, खाली अर्ध्यावर तुटलेलं इंग्रजी नाव. आवकीचं वजन जावकीत पडायचं आणि संध्याकाळी मेळ घालत मी बसायचो. शॉर्टकटला मराठी नावं देऊन पाहिली, पण खिडकीतून उजेड पडला की त्या जुन्या पडद्यावरची बारीक अक्षरं आप्पांच्या चष्म्याला दिसत नसत.

मग मी चित्रं काढली. फाइलचं स्वतःचं चिन्ह बदलत नाही, शॉर्टकटचं बदलतं: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. तिथे विंडोजची तयार चिन्हं मिळतात, पण काट्यावरच्या माणसाच्या कामाचं त्यात काही नाही. पेंटमध्ये 32 बाय 32 चौकटी घेतल्या. 1024 ठिपक्यांत ट्रक बसवायचा! चाक गोल दिसेना. कोपऱ्यांतले ठिपके पुसल्यावर ते चाक वाटू लागलं. आवकीचा ट्रक ताडपत्रीने फुगलेला, तोंड डावीकडे, जावकीचा उजवीकडे. भाड्याला नोट, परत जाणाऱ्या मालाला लाल फुली. बीएमपी फाइलच्या नावाचा शेवट आयसीओ केला की विंडोज ती चालवून घेतं. भोवती पांढरा चौकोन राहतो, तो राहू दिला. 1984च्या मॅकिंटॉशची चिन्हं सुझन केअर यांनी आधी आलेखाच्या वहीत अशीच चौकटी रंगवून काढली होती, हे मला पुढे कळलं. त्याला कोणी पोरखेळ म्हटलं नाही.

त्यानंतर आप्पांची चूक क्वचितच व्हायची. नवा पोरगा काट्यावर आला की आप्पाच त्याला सांगायचे, "ताडपत्रीवाला दाब."

हेड ऑफिसचा तो मुलगा आला तेव्हा बाहेर गाड्या उभ्या होत्या. त्याने विचारलं नाही, बसला आणि सगळं साफ करून कुलूप घातलं. काही बदललं तरी मशीन बंद-सुरू केलं की पुन्हा मूळ पदावर. आप्पा खुर्चीत बसले, चष्मा वर-खाली केला, पडद्याला नाक लावलं. "मना ट्रक कोठे गया रे भो?" बाहेर हॉर्न वाजत होते. त्यांनी एक फाइल उघडली, बंद केली, दुसरी उघडली. ज्यांच्या आकड्यावर ड्रायव्हर डोळे मिटून सही करत, ते आप्पा त्या पोरासमोर घामाघूम झाले होते. मी साहेबांकडे गेलो. "नियम आहे," एवढंच उत्तर मिळालं.

नियम मला कळतो. नेटवरून आयकॉनचे गठ्ठे उतरवणारे आणि त्यांच्याबरोबर व्हायरस आणणारे मीही पाहिलेत. आज माझ्या ताब्यात दहा मशीन असती तर कुलूप मीही घातलं असतं. तरी त्या दिवसाचा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. कुलूप घालण्याआधी "हा ट्रक कशासाठी?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

ऑफिसची मशीन सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे: डेस्कटॉप साफ करण्याआधी त्या खुर्चीत रोज बसणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि तो कुठे क्लिक करतो ते बघा. मशीन सुरू करताना ज्यावर परत येतं त्या मूळ साच्यातच त्याची चिन्हं घाला, मग हवं तेवढं कुलूप लावा.