मुकी गाडी

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा अप-डाउन करते आहे. मास्तर मंडळींना हा शब्द समजावून सांगायला नको. नोकरी खेड्यात, बिऱ्हाड तालुक्याला आणि रोजची जा-ये. शिवाय 'मुख्यालयी राहते' असा दाखला द्यायचा, ही त्यातली गंमत. मीही दिलाय. आता निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

आताचं अप-डाउन शाळेचं नाही. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, धाराशिवपासून सात किलोमीटरवर गावी एकट्या राहतात. वय ८४. त्यांना सकाळी खाण्याआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. हात थरथरतो, सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत. संध्याकाळचं इंजेक्शन शेजारची सून देते, पण सकाळी ती लवकर रानात जाते. शहरात चला म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "तुमच्या घरात मला झोप लागत नाही, पंखा लई वाजतो." एसटी येते ती त्यांची साखर खाली-वर होऊन गेल्यावर. म्हणून मग मी, आणि माझी विजेची गाडी.

गाडीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. २०२३ साली घेतली. पण तिच्याआधी लूनाबद्दल सांगायलाच हवं. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली. माझ्याकडे ती आली १९८५ ला, पतसंस्थेचं कर्ज काढून. आमच्या भागात लूनावर बसलेली बाई तेव्हा बघण्याचाच विषय होता. पदर खोचायचा, पिशवीत डबा आणि तपासलेल्या वह्या, आणि पेट्रोल संपलं की सायकलसारखी पायडल मारत निघायचं. चढावर तर पेट्रोल असतानाही मारावी लागत! पण एसटीच्या फळकुटावर तासन्‌तास बसण्यातून तिने माझी सुटका केली, हे मी विसरणार नाही.

त्या लूनाला आवाज होता. शाळेच्या अलीकडे एक ओढा होता, त्याच्या पुलावर लूना आली की वर्गात ऐकू जायचं. 'बाई आल्या' म्हणून पोरं पटापट जागेवर बसायची. मी वर्गात पाऊल टाकायची तेव्हा सगळे कसे पाटीत डोकं घालून! फार वर्षं मला वाटत होतं, आपला वर्ग शिस्तीचा आहे.

२०२४ मध्ये लूनासुद्धा विजेवर चालणारी होऊन परत आली. माझी गाडी त्याहून साधी आहे. मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. अशा कमी ताकदीच्या हलक्या गाडीला कायदा मोटार वाहनच मानत नाही. म्हणून नंबरप्लेट नाही, नोंदणी नाही, लायसन्स नाही. माझं लायसन्स मुदत संपून पडलेलंच होतं. पंचावन्नच्या पुढे ते पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, डॉक्टरांचा दाखला जोडून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी तो नाद सोडला होता. आमचे चिरंजीव पुण्याहून म्हणाले, "आई, आता गाडी नकोच." मी म्हटलं, सरकारची हरकत नाही, मग तुझी कशाला? आणि घेतली.

गाडी गुणी आहे. बॅटरी ४८ व्होल्ट, २८ अँपिअर-तासाची. गुणाकार केला तर १३४४ वॅट-तास. चार्जरमध्ये थोडी वाया जाते ती धरून दीड युनिटच्या आसपास वीज लागते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, हा हिशेब पहिलीच्या पोरालाही जमेल. नवी होती तेव्हा एकदा भरली की दोन दिवसांची जा-ये व्हायची. शिशाच्या बॅटऱ्या, त्यांचं वय झालं. आता रोज रात्री लावते. आषाढात समोरून वारा असला की काटा झरझर उतरतो. आमच्या जिल्ह्यात पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या. रस्त्यावर सुगीत सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्याच्यावरून चाक सटकतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की मी सरळ खाली उतरून उभी राहते. (२००६-०७ च्या भारनियमनात ही गाडी असती तर वन्संना दिवसाआडच इंजेक्शन मिळालं असतं!)

असो. आता जे सांगायला बसले ते सांगते.

श्रावणात माझा गुडघा सुजला होता. मी सगळ्यांना सांगितलं, न्हाणीत घसरले. ते खोटं होतं. मी गाडीवरून पडले.

गावातल्या गल्लीत वळणावर एक चार-पाच वर्षांचं पोरगं उकिडवं बसून गोट्या मांडत होतं, माझ्याकडे पाठ करून. ते उठेल असं मी गृहीत धरलं. हॉर्न वाजवला नाही. आयुष्यभर पोरं माझ्या गाडीच्या आवाजानेच बाजूला झालेली ना! ते हललं नाही. ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली, मी खाली, आणि त्याचं कोपर खरचटलं. एवढंच. त्याची आजी माझीच विद्यार्थिनी. धावत आली, आधी मला उठवलं आणि म्हणाली, "बाई, तुमची गाडी आवाजच करीना की! आणि हे बी आंधळ्यागत बसलंय." वर त्यालाच एक धपाटा. मी काही बोलले नाही. ते मला फार लागलंय.

गाडी मुकी हे खरं आहे. युरोपात २०२१ पासून नव्या विजेच्या मोटारींना हळू चालताना मुद्दाम आवाज काढायचं यंत्र सक्तीचं आहे. वन्संनी त्यांच्या परीने उपाय केला. बैल केव्हाच विकले, पण घुंगरमाळ माळवदाच्या खुंटीला होती. तिच्यातले चार घुंगरू हँडलला बांधून दिले. आता पोरं लांबून ओळखतात.

पण रात्री मी दुसराच हिशेब मांडत बसले. ताशी पंधराने चालले होते. म्हणजे सेकंदाला चार मीटर. ते पोरगं मला चार मीटर उशिरा तर दिसलं नाही?

पुढच्याच आठवड्यात डोळे दाखवले. डाव्या डोळ्यात, ऑपरेशनच्या वेळी बसवलेल्या भिंगाच्या मागे पुन्हा साय धरली होती. ती लेसरने काही मिनिटांत काढतात, माझीही काढली. नळीतून बघत होते आणि नळीचं तोंड पुसल्यासारखं झालं. दोन वर्षं मी तपासायला गेले नव्हते. लायसन्स नवं करायचं असतं तर कोण्या डॉक्टरने डोळ्यात बघितलं असतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी त्याचाच आनंद मानत होते.

तर चिरंजीव, हे तू वाचशीलच. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. दिवाळीत येशील तेव्हा शाळेच्या मैदानावर फक्कीने आठचा आकडा काढ, आरटीओवाले काढतात तसा. मी गाडी चालवते. नंतर तू मागे बस आणि गल्लीतून वन्संच्या दारापर्यंत चल. पास-नापास तू ठरव, मी वाद घालणार नाही. आई म्हणून गुण वाढवायचे नाहीत.

नापास झाले तर सकाळच्या इंजेक्शनचं काय करायचं, ते मात्र आधी सांग. भाचे मंडळींनाही विचारते आहे, तुम्हीही सांगा. वन्सं साडेसातला ओट्यावर येऊन बसतात.