सिंहगडची चढण

लखनौ समुद्रसपाटीपासून जेमतेम 120 मीटर उंचीवर आहे. येथे सायकल चालविणाऱ्यास गोमतीवरील पूल हाच काय तो घाट! या सपाटीवर कमावलेल्या आत्मविश्वासाच्या बळावर गेल्या हिवाळ्यात, रजेवर पुण्यास गेलो असता, सायकलने सिंहगड चढावयास निघालो.

गडाची उंची सुमारे 1,300 मीटर. गोळेवाडीचा नाका मागे पडला की नऊ-दहा किलोमीटरचा घाट. प्रत्येक पुढचे पाऊल मागच्याहून महाग पडते, हे अर्थशास्त्रात शिकलो होतो. मांड्यांना ते येथे कळले. दोन वळणांवर, कबूल करतो, सायकल हातात धरून चाललो.

माथ्यावरून मात्र राजगड, तोरणा, पुरंदर आणि खाली खडकवासल्याचे पाणी, सारे एकाच दृष्टिक्षेपात. दह्याचे मडके घेताना मावशींना मोठ्या अभिमानाने सांगितले, "सायकलवर आलो."

"आम्ही आतकरवाडीहून पायवाटेनं येतो, डोक्यावर दही घेऊन. रोजच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "दादा, आम्हाला इथनं हलवणार म्हणतात. खरं का ओ?"

मी सरकारी नोकर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पूर्वी एका नेमणुकीत अशाच विक्रेत्यांविषयी "अनधिकृत, हटविण्यास हरकत नाही" अशी टिपणी मी फाईलवर लिहिली होती. जागा न पाहता. दीड ओळ.

"मला काही कल्पना नाही," एवढेच म्हणालो, आणि आणखी एक मडके मागितले.