ओली संक्रांत

"बाबा, माझा पासपोर्ट थोडासा भिजलाय."

"थोडासा म्हणजे?"

"म्हणजे... सगळाच."

थायलंडच्या उत्तरेला च्यांग माई नावाचं शहर आहे. मंगराई राजाने ते १२९६ मध्ये वसवलं. जुन्या गावाभोवती चौकोनी खंदक आहे. १३ ते १५ एप्रिलला, त्यांच्या नववर्षाच्या सणात, त्या खंदकाचं पाणी जणू रस्त्यावरच येतं! बादल्या, पिचकाऱ्या, टेंपोत भरलेली पिंपं, वर त्यात बर्फ! सणाचं नाव सोंगक्रान. ओळखीचं वाटतंय ना? मूळ शब्द आपलाच, संक्रांती. घरातली मुलं मोठ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. मला तर रस्त्यावरच्या धुमाकुळापेक्षा हेच जास्त आवडलं.

२०१९ साली आम्ही तिथे गेलो होतो. "माझा पासपोर्ट मीच सांभाळणार," म्हणून आमच्या धाकटीने तो कमरेच्या पिशवीत ठेवला होता. भिजल्यावर ती घाबरली. कुणाला काही न सांगता रात्री तिने केस वाळवायच्या यंत्राने तो वाळवला. तिथेच घोटाळा झाला! उष्णतेने फोटोवरचं प्लास्टिक आकसलं, पानं वाकडी झाली. कागद नुसता टिपून, पंख्याखाली ठेवला असता तर कदाचित इतकं बिघडलं नसतं.

फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, बघा कधी. प्रत्येकीत ४४ अक्षरं, आकडे आणि खुणा. त्यातले काही आकडे बाकीच्यांवरून गणित करून काढलेले असतात, त्यामुळे वाचनात चूक झाली तर यंत्राला कळते. आमच्या पुस्तकात त्या ओळीच पुसट झाल्या होत्या.

सण संपल्यावर रात्रीच्या गाडीने बँकॉक गाठलं. भारतीय वकिलातीतल्या बाईंनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "कसं झालं?" आम्ही तोंड उघडायच्या आत धाकटीने सगळं सांगून टाकलं, यंत्रासकट.

तिला तात्पुरता प्रवास-दाखला मिळाला. पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, दुसऱ्या देशात जाता येत नाही. पुढे कंबोडियातलं अंकोरवाट बघायचं ठरलं होतं. तिने वर्षभर त्याची चित्रं जमवली होती. ती वही परतीच्या विमानात तिच्या मांडीवर होती, मिटलेली.

मुंबईच्या विमानतळावर दाखला पाहून साहेब म्हणाले, "काय गं, पोहायला गेली होतीस का?"

"नाही काका, संक्रांत होती."