आधी दोष, मग भाव

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्या लाल होतात. ओली मिरची बाजार समितीत विकत घ्यावी, मोकळ्या जमिनीवर पसरावी, उन्हात वाळवावी, देठ खुडून निवडावी आणि मग पुढे पाठवावी, असा हा व्यवसाय. त्यात नफा मिळतो तो पारखीवर, आणि अवकाळीची एक सर तो सारा धुऊन नेऊ शकते. अशाच एका पथारीवाल्या कुटुंबात २०२३ च्या हिवाळ्यात जे घडले, त्याचा मिरचीशी वरवर पाहता काही संबंध नव्हता. घरातल्या जुन्या संगणकात बसवायच्या एका ग्राफिक्स कार्डाचा तो प्रसंग होता.

संगणक मूळचा पेढीवरचा, २०१४ मध्ये घेतलेला. हिशेब, बिले आणि कराचे तक्ते यांत त्याची उमेद गेली होती. पेढीवर नवा आला, तेव्हा तो घरी आणला गेला आणि अकरावीत विज्ञान शिकणाऱ्या नातवाच्या टेबलावर विसावला. नातवाला त्यावर मोटारशर्यतीचा खेळ खेळायचा होता. खेळ सुरू होई, पण गाडी वळणावर आली की चित्र अडखळे आणि पुन्हा दिसू लागेपर्यंत गाडी कठड्यावर आदळलेली असे.

"हिशेब तर यावर नीट होत होते," आजोबा म्हणाले. "मग खेळच का होत नाही?"

नातवाने त्यांना पथारीचाच दाखला दिला. "दादाजी, संगणकाचा प्रोसेसर म्हणजे आपले मुनीमजी. अवघड हिशेब एकटे करतील. पण ढीगभर मिरचीचे देठ त्यांना खुडायला बसवले तर? त्याला शंभर हात लागतात. पडद्यावरचे लाखो ठिपके सेकंदाला कितीतरी वेळा रंगवायचे, हे देठ खुडण्यासारखेच काम आहे. ग्राफिक्स कार्डात असे शेकडो हात असतात."

आजोबांना दाखला पटला. खर्चाचा प्रश्न मात्र त्यांनी नातवावरच सोपवला. मुलाजवळ दिवाळीचे आणि वाढदिवसाचे साठलेले साडेसहा हजार रुपये होते. एका रविवारी तो ताप्ती मार्गावरच्या गाडीने सुरतेला गेला आणि तेवढ्याच पैशांत एक वापरलेले कार्ड घेऊन संध्याकाळी परतला. विकणाऱ्याने दहा मिनिटे चालवून दाखवले होते. बिल मात्र दिले नव्हते.

घरी संगणकाचे झाकण उघडल्यावर पहिली अडचण दिसली. त्या कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून मिळणारी वीज पुरत नव्हती. त्याला वेगळी सहा पिनांची वायर हवी होती. जुन्या एसएमपीएसला तशी वायरच नव्हती. मुलाने कार्डाची ताकद पाहिली होती, आपल्या घरचे बळ पाहिले नव्हते.

दुसरी अडचण दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या दुकानात समजली. त्याने आपल्याकडच्या दणकट एसएमपीएसवर कार्ड जोडले. दहा मिनिटे चित्र सुरेख दिसले. वीस मिनिटांनी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटू लागले आणि अर्ध्या तासाने सारे थिजले. कारागिराने पंखे साफ केले, चिपवरचा सुकलेला लेप खरवडून नवा लावला. पुन्हा तेच. तो म्हणाला, "याची मेमरी थकली आहे. बहुधा नाणी काढायच्या कामाला जुंपलेले असणार."

त्याचा तर्क निराधार नव्हता. इथेरियमसारखी आभासी नाणी मिळवण्यासाठी जगभर अशी कार्डे रात्रंदिवस चालवली जात होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली, त्या नाण्यापुरते कार्डांचे काम एका दिवसात संपले आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यांतली कितीतरी चांगली होती. पण बाहेरून सारी सारखीच दिसत.

मुलगा दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी तो उत्साहात होता. मित्राच्या ओळखीतून शहाद्याच्या एका विद्यार्थ्याने कार्डाची चौकशी केली होती आणि तो सहा हजार द्यायला तयार होता. रविवारी कारागिराच्या दुकानात येऊन, कार्ड पाहून तो ते नेणार होता.

"त्याला ठिपक्यांचे सांगितलेस?" आजोबांनी विचारले.

"मला तरी कुणी सांगितले होते? आणि दहा मिनिटे तर ते चांगलेच चालते."

आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातवाला पथारीवर नेले. देठ खुडणाऱ्या बाया पाळीने बसल्या होत्या. आजोबांनी एका ढिगातली मिरची उचलून त्याच्या हातात दिली. लालभडक, चकचकीत. "मोड," ते म्हणाले. आत काळसर बुरशी होती. पाऊस लागलेला तो ढीग त्यांनी वेगळा ठेवला होता.

"हा चांगल्या मालात मिसळला तर ओळखू येईल?"

"नाही."

"दहा मिनिटांत तर नाहीच. महिन्याने, गिऱ्हाइकाच्या कोठारात कळेल. या ढिगाचा दोष मी आधी सांगतो, मग भाव बोलतो. तो भाव पडतो. पडू दे." थोडे थांबून ते म्हणाले, "प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आपण म्हणतो. खोटे तोल, खोटे माप, आणि चांगल्याच्या नावाखाली हलका माल. ही सारी चोरीचीच रूपे मानली आहेत. म्हणणाऱ्या बहुतेकांची दुकाने आहेत, म्हणूनच ते रोज म्हणायचे. कार्ड तुझे आहे. काय करायचे ते तू ठरव."

रविवारी तो विद्यार्थी वडिलांबरोबर एसटीने आला. वडील शेतकरी होते. कापडी पिशवीतून त्यांनी नोटा काढल्या आणि दोनदा मोजल्या. कारागिराने कार्ड जोडले, चित्र उमटले. विद्यार्थ्याचे डोळे चमकले. वडिलांनी नोटा पुढे करत विचारले, "चांगलं चालतं ना, बेटा?"

मुलाने नोटांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "काका, दहा मिनिटे चालेल. अर्ध्या तासाने ठिपके येतील आणि बंद पडेल. दुरुस्त करून पाहिले, झाले नाही."

दुकानात क्षणभर कुणीच बोलले नाही. वडिलांनी नोटा पुन्हा पिशवीत ठेवल्या. "बरं झालं, आधी सांगितलं," एवढेच ते म्हणाले. चहा घेऊन दोघे निघून गेले.

रात्री मुलगा आजोबांजवळ बसला. "पैसे गेले, दादाजी."

"गेले," आजोबा म्हणाले. "पण आपलेच गेले."

मग त्यांनी आपली वही उघडली. घरखर्चाच्या पानावर त्यांनी साडेसहा हजारांची रक्कम लिहिली आणि पुढे तपशील घातला: शिकवणी.

हंगामभर मुलगा संध्याकाळी पथारीवरच्या मजुरीचा हिशेब लिहीत राहिला. परीक्षा संपल्यावर त्या कामाचे पैसे त्याच्या हाती आले. या वेळी तो आधी दुकानात गेला नाही. आधी त्याने स्वतःच्या संगणकाची मोजदाद केली. एसएमपीएसवरचा शिक्का वाचला: ३०० वॅट, वेगळी वायर नाही. कार्डाची खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. म्हणजे त्याहून अधिक मागणारे कार्ड बाद. पेटीच्या आतली लांबी त्याने पट्टीने मोजली. प्रोसेसर जुना, मॉनिटर लहान. फार ताकदीचे कार्ड घेतले तरी मुनीमजी त्याला तेवढे काम पुरवू शकणार नव्हते आणि पडदा ते दाखवू शकणार नव्हता. मॉनिटरला केवळ जुना व्हीजीए जोड होता. नव्या कार्डांवर तो नसतो, म्हणून एचडीएमआयचे सिग्नल बदलून देणारा लहान कन्व्हर्टरही यादीत आला.

एवढ्या चाळणीतून एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० उरले. एप्रिल २०१९ मध्ये आलेले, ४ जीबी मेमरीचे, ७५ वॅटचे हे कार्ड. त्याच्या काही प्रकारांना वेगळी वायर लागते, काहींना लागत नाही. मुलाने न लागणारा प्रकार निवडला आणि पक्के बिल व हमीपत्र मागून घेतले.

घरी त्याने वीज बंद केली, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि कार्ड खाचेत बसवले. कट असा आवाज आला. संगणक सुरू केला, पण पडदा काळाच. मुलाच्या पोटात गोळा आला. आजोबा मागून म्हणाले, "वायर कुठे लावली आहेस?" पडद्याची वायर सवयीने जुन्याच जागी, मदरबोर्डला लावलेली होती. ती कन्व्हर्टरमार्फत कार्डाला जोडताच चित्र उमटले. आवश्यक सॉफ्टवेअर भरून होईपर्यंत रात्र झाली. मग शर्यत सुरू झाली. गाडी वळणावर आली आणि न अडखळता वळली. आजोबांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि ते झोपायला गेले.

ते जुने कार्ड आजही त्या टेबलाच्या खणात आहे. कारागिराला सुट्या भागांसाठी ते द्यायचे ठरले आहे. त्यावर मुलाच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "सदोष. अर्ध्या तासाने बंद पडते."