काळोखांतलीं गाणीं

ज्या संगीताविषयीं आम्हीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे, त्याचें नांव पुष्कळ वाचकांनीं, विशेषतः वडील मंडळींनीं, ऐकलेलें नसेल. त्यास ‘गॉथ रॉक’ असें म्हणतात. आम्ही म्हणजे दोघें भावंडें. थोरली दहावींत, धाकटा आठवींत. हा छंद दोघांसही एकाच पावसाळ्यांत लागला, म्हणून त्याची हकीकतही दोघांनीं मिळूनच लिहावी असें ठरलें.

प्रथम नांवाविषयीं. गॉथ हे प्राचीन युरोपांतील एका जर्मानिक जमातीचे लोक. त्यांनीं रोमन साम्राज्यास धक्के दिले, आणि गॉथिक म्हणजे रानटी असा अर्थ त्या शब्दास पुढें चिकटला. इटलींतील विद्वानांनीं मध्ययुगांतील टोंकदार कमानींच्या उंच चर्चांस हेंच नांव तुच्छतेनें दिलें. कालांतरानें तुच्छता गेली व नांव तेवढें राहिलें. अठराव्या शतकांत पडके वाडे, भुयारें आणि भुतें यांच्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांसही लोक गॉथिक म्हणूं लागले. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही त्याच कुळांतली. आपल्याकडील लोकांनीं ही शैली पाहिलीच नाहीं असें मात्र नाहीं. वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेसनें मुंबईस निघालेला प्रवासी शेवटीं ज्या स्थानकांत उतरतो, तें १८८८ सालीं पुरें झालेलें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शैलीचेंच आहे. गांधीजींच्या आश्रमाचें नांव धारण करणारी गाडी गॉथिक कमानींपाशीं जाऊन थांबते, ही गंमत आमच्या लक्षांत फार उशिरां आली.

आमची या संगीताशीं गांठ पडली ती एका सदऱ्यामुळें. शाळा सुरू होण्याच्या सुमारास बजाज चौकाजवळच्या एका दुकानांतून आईनें धाकट्यास एक काळा टी-शर्ट घेऊन दिला. त्याच्या छातीवर पांढऱ्या वांकड्या रेघा होत्या, एकीखालीं एक, मध्यें डोंगरासारख्या उंचावलेल्या. आईस त्या नांगरलेल्या वावरासारख्या वाटल्या. पुढें नागपुराहून आमचा मामेभाऊ आला व म्हणाला, “अरे, हें वावर नव्हे, हा तारा आहे.” तेंच खरें निघालें. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसलिन बेल या विद्यार्थिनीस आकाशांतून येणारे रेडिओ ठोके आढळले, दर १.३३ सेकंदांस एक ठोका, अगदीं घड्याळासारखा नियमित. आपल्या भोंवतीं वेगानें फिरणारा तो एक मृत तारा होता. अशा ताऱ्यास पल्सार म्हणतात, व मानवास सांपडलेला तो पहिला पल्सार. त्याचे ऐंशी ठोके एकाखालीं एक काढले म्हणजे आमच्या सदऱ्यावरील चित्र तयार होतें. (असे तारे ऐकण्यासाठीं पुणें जिल्ह्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची दुर्बीण उभी आहे, ती एकदां पाहावी अशी आमची फार इच्छा आहे.) १९७९ च्या जून महिन्यांत ‘जॉय डिव्हिजन’ नांवाच्या इंग्लंडांतील चौघां तरुणांनीं आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टणावर हें चित्र छापलें, आणि तेव्हांपासून तें जगभर सदऱ्यांवरून हिंडत आहे.

तबकडीचें नांव ‘अननोन प्लेझर्स’. ती आम्हीं मोबाइलवर लावली तेव्हां बाहेर पाऊस पडत होता व वीज गेलेली होती. पहिल्या गाण्यास धाकट्यास भीति वाटली. थोरलीनें मात्र तेंच गाणें पुनः लावावयास सांगितलें. नेहमींच्या गाण्यांत गिटार पुढें असते आणि जाड तारांची बास गिटार खर्ज धरून मागें बसते. येथें सारें उलटें. बास गिटारच चाल वाजविते, तीही वरच्या स्वरांत, आणि साधी गिटार दाराच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यासारखी मधूनच चिरकून जाते. ढोल जणूं शेजारच्या रिकाम्या खोलींत कोणी बडवीत आहे. ही पोकळी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मार्टिन हॅनेट यानें मुद्दाम निर्माण केली होती. आणि गाणारा ओरडत नाहीं, विनवीत नाहीं. खालच्या आवाजांत, आपल्याशींच बोलावें तसें गातो. आम्हांस त्याचे निम्मे शब्द कळले नाहींत, परंतु घरांतील कोणी तरी आपल्यापासून कांहीं लपवीत आहे असें वाटून मन जसें सावध होतें, तसें झालें.

हे लोक मँचेस्टरचे हें ऐकून बाबांनीं प्रथमच वर्तमानपत्रांतून मान वर केली. बाबा जिनांत हिशेब लिहितात. मँचेस्टर त्यांस ठाऊक तें कापसामुळें. एकोणिसाव्या शतकांत हिंगणघाटच्या कापसाचा विलायतेपर्यंत लौकिक होता. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालून तिकडील कापूस अडला, तेव्हां मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे डोळे लावले. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली व आमच्या भागांतील गांठी तिच्यावर चढूं लागल्या. पुढें शंभर वर्षांत काळ फिरला, मँचेस्टरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जॉय डिव्हिजनचीं मुलें वाढलीं तीं रिकाम्या वखारी आणि मोडून काढलेल्या चाळी यांच्यामध्यें. त्यांच्या गाण्यांतील पोकळी कोठून आली याविषयीं पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. पण बंद गिरणीचें धुराडें संध्याकाळीं कसें दिसतें हें वर्धा जिल्ह्यांतील मुलांस पंडितांनीं सांगावयास नको.

यानंतर आम्हीं जें मिळेल तें ऐकण्याचा सपाटा लाविला. नॉर्दॅम्प्टन या जोडे शिवणाऱ्यांच्या गांवचे ‘बाउहाउस’ म्हणून चौघे होते. १९७९ च्या ऑगस्टमध्यें निघालेलें त्यांचें ‘बेला लुगोसीज डेड’ हें गाणें गॉथ रॉकचें पहिलें गाणें समजतात. बेला लुगोसी हा १९३१ च्या चित्रपटांत ड्रॅक्युला झालेला नट. गाणें नऊ मिनिटांहून अधिक चालतें व कित्येक क्षण ढोलाच्या कडेवरील टकटकीवांचून त्यांत कांहींच घडत नाहीं. लंडनच्या ‘सूझी ॲन्ड द बॅन्शीज’ मधील सूझीबाईंचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या गारेसारखा आहे. थोरलीचा जीव तेथें जडला. धाकट्यास लीड्स शहराचे ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ आवडतात. हें नांव जोगिणींच्या संघाचें असलें तरी या मंडळींचा त्यांच्याशीं संबंध नाहीं. यांच्याकडे ढोल वाजविणारा माणूसच नाहीं; एक यंत्र आहे, आणि त्यास त्यांनीं ‘डॉक्टर ॲव्हॅलांश’ असें नांव ठेविलें आहे. हंगामांत जिनाबाहेर उभें राहिलें असतां जो न थकणारा ठेका ऐकूं येतो, तोच हा.

पोशाखाविषयीं फारसें लिहीत नाहीं. १९८२ सालीं लंडनमध्यें ‘बॅटकेव्ह’ नांवाचा क्लब निघाला, तेथून काळे कपडे, जाळीच्या ओढण्या, उभे केस व डोळ्यांत काजळ हा थाट पसरला. जर्मनींतील लाइपझिग येथें १९९२ पासून यांची मोठी जत्रा भरत आली आहे. आमच्या मतें पुढें पुष्कळांचें काजळच दाट होत गेलें व गाणें पातळ. असो, धाकट्यास काजळ घालण्याची परवानगी आईनें दिलेली नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें जरा कठीण आहे. जॉय डिव्हिजनमध्यें गाणारा इयन कर्टिस यास अपस्माराचा विकार होता, आणि मनही खचलेलें होतें. १९८० च्या मे महिन्यांत, तेविसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या जिवाचा अंत करून घेतला. मामेभावाच्या बोलण्यांत हें सहज येऊन गेलें आणि तें बाबांनीं ऐकलें. आमच्या जिल्ह्यांत हा विषय परका नाहीं. कर्जापायीं शेतकरी जीव देऊं लागले म्हणून २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांकरितां मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. जिनांत काम करणाऱ्या माणसास अशा घरांचीं नांवें विचारावीं लागत नाहींत. कोणाची गाडी यंदां आली नाहीं हें त्यास वहींतच दिसतें. बाबांनीं मोबाइल मागून घेतला व कपाटांत ठेविला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

आम्हीं पुष्कळ युक्तिवाद केला. त्याच वेळचे बाकीचे गायक आज साठी ओलांडून सुखानें गात आहेत, हेंही सांगून पाहिलें. बाबांवर त्याचा कांहीं परिणाम झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं ताटें वाढतां वाढतां आई म्हणाली, “अहो, सासूबाई गेल्या तेव्हां तेरवीपर्यंत रोज रात्रीं भजनं झालीं. तीं काय आनंदाचीं होतीं?”

बाबा कांहीं बोलले नाहींत. जेवण झाल्यावर त्यांनीं कपाट उघडलें आणि दोन अटी घातल्या. पहिली, गाणें कानांत कोंबावयाचें नाहीं. ओसरीवर, सर्वांस ऐकूं जाईल असें लावावयाचें. दुसरी, ज्या दिवशीं मन जड होईल त्या दिवशीं घरांतल्या कोणाला तरी तसें सांगावयाचें. कारण सांगतां आलें नाहीं तरी चालेल. दुसरी अट पहिल्यांदा पाळली ती थोरलीनें, सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्रीं, आणि बाबा तिच्याजवळ बारा वाजेपर्यंत बसले.

पहिल्या अटीचा परिणाम कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. ओसरीवर आजोबांचा पलंग असतो. आजोबा गांवीं असतांना गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनांत पेटी वाजवीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकलेल्या माणसांत बसून ते शिकले. महाराज १९३६ सालीं सेवाग्रामास गांधीजींकडे राहून गेले, ही कथा त्यांच्या तोंडून आम्हीं शंभरदां तरी ऐकली असेल. ज्या घरीं मरण झालें असेल तेथें रात्रीं निर्गुणी भजनें म्हणावयास मंडळ जाई, आणि देह म्हणजे भाड्याचें घर, हंस उडून गेला, अशीं तीं पदें आजोबांनीं किती घरांत वाजविलीं असतील याची गणती नाहीं. आजी गेली तेव्हां मात्र मंडळी आली, भजनें झालीं, पण पेटी दुसऱ्यानें वाजविली. त्यानंतर आजोबांची पेटी पलंगाखालून बाहेर निघालीच नव्हती.

‘द क्युअर’ या मंडळींचें १९८० सालचें ‘अ फॉरेस्ट’ म्हणून एक गाणें आहे. रानांत कोणाच्या तरी हांकेमागें गेलेला माणूस वाट चुकतो, एवढाच त्याचा विषय. सर्व वाद्यें एकेक करून थांबतात आणि शेवटीं एकटी बास गिटार उरते. हें गाणें चार संध्याकाळीं ओसरीवर लागलें. पांचव्या संध्याकाळीं आजोबा म्हणाले, “याचा गांधार कोमल आहे. धैवत बी. निषाद बी.” आणि पलंगाखालीं हात घालून त्यांनीं पेटी ओढली. भात्याला धूळ होती. ती त्यांनीं धोतराच्या सोग्यानें पुसली.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं पेटी असेल त्यांनीं हें करून पाहावें. पांढरी सहा हा षड्ज धरावा आणि एकही काळी पट्टी न लावतां पुढच्या सप्तकापर्यंत जावें. इंग्रजी संगीतांत जीस नैसर्गिक मायनर म्हणतात ती हीच स्वरपंक्ति, आणि ‘अ फॉरेस्ट’ हिच्यावरच उभें आहे. भातखंड्यांच्या दहा थाटांत हिलाच आसावरी थाट म्हणतात; जौनपुरी व दरबारी हे राग याच थाटांतले. राग म्हणजे नुसता थाट नव्हे, हें आजोबांनीं आम्हांस लगेच बजावलें. तरीही सारे स्वर त्यांच्या बोटांखालीं ओळखीचे होते. त्या संध्याकाळीं मोबाइलवर बास गिटार एकटी उरली तेव्हां आजोबांनीं ती चाल तशीच पुढें चालविली, व तींतून केव्हां ते एका निर्गुणी पदांत शिरले तें आम्हांस कळलें नाहीं. आई स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली होती.

‘द क्युअर’ चा म्होरक्या रॉबर्ट स्मिथ यानें सोळा वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर २०२४ रोजीं नवी तबकडी काढली. तींत वारलेल्या थोरल्या भावाकरितां एक गाणें आहे. तें लावून आम्हीं आजोबांस त्याचा अर्थ सांगितला. त्यांनीं गाणाऱ्याचें वय विचारलें. तबकडी निघाली तेव्हां पांसष्ट, असें आम्हीं सांगितलें. “म्हणजे कळत्या वयाचा आहे,” म्हणाले, आणि तें गाणें पुनः लावावयास सांगितलें.

आतां गुरुवारीं संध्याकाळीं पेटी निघते. डॉक्टर ॲव्हॅलांशचा ठेका आजोबांस पसंत नाहीं, “यंत्राले चहा कोण पाजते?” असें ते विचारतात. सूझीबाईंस त्यांनीं चांगले गुण दिले. बाउहाउसचें गाणें तेवढें आम्हीं त्यांच्यासाठीं राखून ठेविलें होतें; तें फार लांब आहे, नऊ मिनिटांहून अधिक आहे, असें आधींच सांगून ठेविलें, तों ते हंसूं लागले.

“नऊ मिन्टं? अरे बाप्पा, तेवढ्यात तं आमची खंजिरी बी तापत नाही!”