पहारेकऱ्याची झोप

दिवाळीला नेसरीला घरी आलो की दोन दिवस मोबाइलला हात लावायचा नाही, असा माझा दर वर्षीचा पण असतो आणि तो दर वर्षी मोडतो. गेल्या दिवाळीत मात्र नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री फोन वाजलाच नाही. मी गाढ झोपलो.

पहाटे अंगाला उटणे चोळून झाले होते, तोच पुण्याहून रात्रपाळीच्या मुलाचा फोन आला. ‘‘सर, एका रुग्णालयाचे तपासणी-अहवाल रात्री दोनपासून उघडत नाहीत. आणि आपल्याला इशाराच आला नाही!’’

आमच्या धंद्यात लोकांचे सर्व्हर सांभाळायचे असतात. त्यांच्यावर आम्ही प्रोमिथियस नावाचा पहारेकरी बसवला आहे. दर १५ सेकंदांनी तो प्रत्येकाची नाडी पाहतो, आकडे डिस्कवर लिहितो, आणि काही बिघडले की आम्हांला उठवतो. तो पहारेकरीच मध्यरात्री कोसळला होता. कारण, डिस्क भरली!

एवढी मोठी डिस्क भरली कशी? गच्चीवर रेंज शोधत, तेलकट हातांनी मी लॅपटॉप उघडला. तीन दिवसांपूर्वी त्या यंत्राला नवी डिस्क जोडून ते पुन्हा सुरू केले होते. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते, ती सापडतील त्या क्रमाने. क्रम बदलला, ‘एसडीबी’ हे नाव कोऱ्या डिस्कला गेले आणि आमची जुनी डिस्क ‘एसडीसी’ झाली. फाइलीत मात्र ‘एसडीबी’च लिहिलेले. गडहिंग्लजच्या स्थानकावर फलाटाचा आकडा पाहून एसटीत बसावे आणि पाटी वाचूच नये, तसा प्रकार! प्रत्येक डिस्कवरच्या रचनेला स्वतःचा न बदलणारा यूयूआयडी क्रमांक असतो. तो लिहायला हवा होता. त्यातच शेजारी ‘नोफेल’ लिहिलेले, म्हणजे डिस्क जोडली गेली नाही तरी यंत्राने अडून बसू नये. ते अडले नाही. जोडणीच्या जागी उरलेल्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे यंत्राच्या मूळच्या लहान डिस्कवर, पहारेकरी तीन दिवस आकडे लिहीत राहिला. मागचे सारे आलेख कोरे दिसत होते. पण सणाच्या गडबडीत आलेख पाहतो कोण?

यूयूआयडी घातला, जुनी डिस्क जोडली, मूळ डिस्कवरचा पसारा काढला. प्रोमिथियस उठला. रुग्णालयाचा सर्व्हर त्या मुलाने आधीच सुरू केला होता. पण चार तास कुणाचे तरी अहवाल अडून राहिले होते, त्याचे काय?

इतक्यात साहेबांचा फोन. ‘‘रात्रपाळीला कोण होतं?’’

फाइलीतल्या त्या ओळीशेजारी टिपण होते, दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि माझी आद्याक्षरे. घाईत लिहिलेली ओळ. ते टिपण माझ्याखेरीज कुणी पाहिले नव्हते. खोटे कशाला सांगू, क्षणभर मी गप्प राहिलो.

‘‘त्याची चूक नाही, साहेब. ती ओळ माझी आहे.’’

खाली आलो तर आजी बंबाशी बसलेली. सगळे ऐकून म्हणाली, ‘‘मग त्या पहारेकऱ्यावर पहारा कुणाचा रं?’’

कुणाचाच नव्हता. पाडव्याच्या दिवशी तो बसवला. आता प्रोमिथियस दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका छोट्या यंत्राला ‘जागा आहे’ असा निरोप धाडतो, आणि निरोप चुकला की ते यंत्र आम्हांला उठवते.

‘‘पाणी निवलं बघ,’’ आजी म्हणाली आणि तिने बंबात आणखी दोन ढलप्या सारल्या.